उणे वीसमध्ये उभं राहण्याचे बूट

सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सिअस. तारीख २२ जानेवारी १९६२. वेधशाळा पार्ल्याच्या शेजारचीच, त्यामुळे पार्लेकराच्या पायांनी घराजवळ अनुभवलेल्या थंडीची ही परमावधी. स्पितीतल्या किब्बर गावात फेब्रुवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या खाली उतरतो, आणि गाव आहे ४,२०० मीटरच्या आसपास. तरीही ऐन हिवाळ्यात तिथे किंवा लडाखमधल्या रुंबक, उले या गावांकडे जाणारी माणसं आता पार्ल्यात सहज भेटतात. त्यांना हिमबिबट्या बघायचा असतो. तिकिटं निघतात, कॅमेऱ्याची लेन्स ठरते, जाकीट येतं आणि मग शेवटच्या पंधरवड्यात प्रश्न येतो: बूट कुठले घेऊ?

माझ्या मते हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. जाकीट कमी पडलं तर आत आणखी एक स्वेटर चढवता येतो. चुकीच्या बुटांवर डोंगरात इलाज नसतो.

थंड डोंगरात घालायच्या बुटांवर जगात सर्वाधिक विचार केलाय तो शिकाऱ्यांनी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली, आणि थांबली हे फार चांगलं झालं. पण बर्फात दबा धरून बसण्याचं काम बंदुकीबरोबर संपलं नाही, ते दुर्बीण आणि कॅमेऱ्याकडे आलं. मुंबईला तर हा बदल ओळखीचा आहे. १८८३ साली इथे 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदांत हौशी शिकारी भरपूर होते. सलीम अलींची पक्ष्यांशी ओळखही लहानपणी एअरगननं पाडलेल्या एका चिमणीमुळे झाली. शिकारी असो की निरीक्षक, पायांची अडचण दोघांची एकच: आधी दमछाक करणारी चढण आणि नंतर तासन् तास निश्चल बसणं.

किब्बरमधला नेहमीचा दिवस असा असतो. उजाडताच गावातले वाटाडे कड्याच्या टोकावर मोठ्या दुर्बिणी लावून समोरचे उतार विंचरायला लागतात. वॉकीटॉकीवर निरोप येतो की पलीकडच्या घळीत भरल मेंढ्या बिथरल्यात. सगळे भराभर निघतात. विरळ हवेत धापा टाकत तासभर चढायचं, कधी गुडघाभर बर्फातून. अंगाला घाम, पायाला घाम. वर पोचलं की खडकाआड बसायचं आणि हलायचं नाही. वाऱ्यात दोन तास, चार तास, कधी सूर्य कलेपर्यंत. जानेवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये आणि ५१ हिमाचलमध्ये. एवढ्या मोठ्या मुलखात एवढी थोडी जनावरं, तेव्हा वाट बघणं हाच या सहलीचा मुख्य भाग. चढताना हवा हलका, वाफ बाहेर सोडणारा बूट. बसल्यावर हवा जाड, उबदार बूट. एकाच जोडीला दोन्ही कामं करायची असतात आणि निवडीतली सगळी गुंतागुंत इथेच आहे.

पाय गारठतात कसे हे समजलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं. थंडी वाढली की शरीर आधी हृदय, मेंदू, यकृत सांभाळतं. हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांपर्यंत गरम रक्त कमी पोचतं. बूट स्वतः उष्णता तयार करत नाही. पायानं निर्माण केलेली आणि रक्तानं आणलेली ऊब तो फक्त धरून ठेवतो. ही ऊब धरते ती कापडापेक्षा त्यात अडकलेली हवा. जुनी रजई पिंजून घेतली की पुन्हा उबदार होते, ती याचमुळे. दोन जाड मोज्यांवर घट्ट बूट चढवला तर मोजे दबतात, त्यांतली हवा जाते, वर रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. अधिक कपडे घालूनही पाय अधिक गार, असा उलटा प्रकार होतो. हिवाळी सहलीत बोटं बधिर झाल्याची तक्रार करणाऱ्याला मी आधी नाड्या सैल करायला सांगतो. बऱ्याचदा तेवढ्यानंच बोटांत पुन्हा मुंग्या यायला लागतात.

दुसरा शत्रू ओल. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं, आणि डोंगरातल्या कोरड्या थंडीत हे पाणी बाहेरच्या बर्फापेक्षा आपल्याच पायांतून जास्त येतं. दोन्ही पावलांत मिळून घर्मग्रंथी अडीच लाखांच्या घरात असतात. चढणीवर त्या जोरात काम करतात, आणि आपण बसलो की तोच घाम गार व्हायला लागतो.

ओल्या पायांना कंटाळूनच थंडीतल्या शिकारी बुटाचा एक प्रसिद्ध नमुना जन्माला आला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लिऑन लिओनवुड बीन नावाच्या शिकारी गृहस्थांनी १९११-१२च्या सुमारास चामड्याच्या वरच्या भागाला रबरी गमबुटाचा तळ शिवून घेतला. खाली पाणी शिरायला नको, वरून पाय मोकळा राहायला हवा, हा हिशेब. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या, कारण शिवणीपाशी चामडं रबरापासून सुटत होतं. त्यांनी पैसे परत केले, रचना सुधारली आणि पुन्हा बूट विकले. खाली रबर, वर चामडं आणि आत नमद्याचा सुटा अस्तर-मोजा ही जोडणी थंड देशांत आजही चालते. त्यातली खरी सोय म्हणजे सुटं अस्तर. रात्री ते काढून वाळवता येतं. जोडी निवडताना मी आधी हे बघतो की बुटातून काढून वाळवण्यासारखं काय काय आहे. सुटं अस्तर नसेल तर निदान इनसोल तरी निघायलाच हवा.

रात्री बूट न सांभाळल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग एव्हरेस्टवरचा. १९५३च्या मोहिमेसाठी ब्रिटिश पादत्राण उद्योगाच्या संशोधन संस्थेनं खास बूट बनवले होते, आत कापोक या झाडाच्या तंतूंचा थर असलेले. २८ मेच्या रात्री शेवटच्या छावणीत, साधारण ८,५०० मीटरवर, एडमंड हिलरींनी बूट काढून ठेवले. सकाळी ते दगडासारखे गोठलेले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोनेक तास गेले. तेनसिंग यांनी आपले बूट पायांतच ठेवले होते. किब्बरच्या होम-स्टेमध्ये इतकं टोकाला जावं लागत नाही. तिथे चूल असलेल्या खोलीत बूट ठेवायचे, पण चुलीला खेटून नाही. फार उष्णतेनं तळाचा गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. तंबूत झोपायचं असेल तर अस्तर किंवा इनसोल स्लीपिंग बॅगेच्या आत घ्यायचे.

आता दुकान. थंडीच्या बुटांवर २००, ४००, ८०० असे आकडे दिसतात. हा उबेच्या थराचा दर चौरस मीटरमागचा ग्रॅममधला भार असतो. तो तापमानाचा आकडा नव्हे. 'उणे तीसपर्यंत चालेल' असं लिहिलेलं असतं त्यावरही डोळे मिटून विसंबू नये, कारण चालणाऱ्याचा पाय आणि बसलेल्याचा पाय यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. नवखा माणूस घाबरून सर्वांत मोठा आकडा उचलतो. मग चढणीवर मोजे भिजतात आणि वर बसल्यावर तोच जाड बूट आतून ओला फडका होतो. हिमबिबट्याच्या सहलीसाठी मी मधला बूट सुचवेन: घोट्याच्या वर जाणारा, २०० ते ४०० ग्रॅमचा थर असलेला, जलरोधक. उरलेली ऊब बसल्यावर बाहेरून वाढवायची. गुडघ्यापर्यंतचे गेटर्स चढवले की वरून बर्फ आत जात नाही आणि पोटरीही उबदार राहते, म्हणजे पावलाकडे जाणारं रक्त वाटेत गार होत नाही.

वजनही बघा. पायात वाढलेल्या एका किलोचा शीण पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतका होतो, असं सैनिकांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. विरळ हवेत हे फार जाणवतं.

तळाबद्दल थोडक्यात. आजचा खोल खाचांचा रबरी तळ १९३५मधल्या एका दुर्घटनेतून आला. इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गारठून दगावले, आणि त्यांचे साथीदार विताले ब्रामानी यांनी त्यानंतर पकड देणाऱ्या रबरी तळावर काम केलं. 'विब्रम' हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. पण रबर थंडीत कडक होतं, आणि काचेसारख्या निसरड्या बर्फावर कुठलाही रबरी तळ एकटा पुरत नाही. बुटांवर चढवायचे साखळीचे काटे, मायक्रोस्पाइक्स, सोबत घ्याच. बूट घेतानाच ते त्यावर बसतात का हे बघून घ्यावं.

मापात लोक सर्वाधिक चुकतात, म्हणून इथे थोडं थांबतो. बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभराच्या चालण्या-उभं राहण्यानं पाय थोडे फुगलेले असतात आणि उंचीवरही ते फुगतातच. जे मोजे तिकडे घालणार तेच घेऊन जावं. नाड्या न बांधता पाय पुढे ढकलून अंगठा पुढच्या भिंतीला टेकवायचा. आता टाचेमागे हाताचं एक बोट सहज उतरलं पाहिजे. मग टाच मागे आपटून नाड्या आवळायच्या. टाच जागची हलायला नको आणि पुढे बोटं पियानो वाजवल्यासारखी मोकळी हलायला हवीत. दुकानात उतार असेल तर त्यावरून खाली उतरून बघा, नसेल तर जिना उतरा. उतरताना अंगठा पुढे आपटला तर ती जोडी नको, कितीही आवडली तरी.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. लहानपणी अनवाणी किंवा चपलांत वावरलेल्या पावलांचा पुढचा भाग रुंद होतो. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा अभ्यास बेल्जियममधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केला, त्यातही हे दिसलं. युरोपातल्या साच्यावर बेतलेला बूट लांबीला बरोबर आणि चवड्यापाशी आवळणारा, असं आपल्याकडे वारंवार होतं. एक माप वाढवून हे सुटत नाही, टाच सैल होते. रुंद साच्याचं दुसरं मॉडेल मागावं. मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जावं.

मोजे लोकरीचे. सुती मोजे अजिबात नकोत. ते घाम पितात आणि धरून ठेवतात. एक पातळ मोजा आत, एक लोकरीचा बाहेर, एवढं पुरतं. तिसऱ्याचा मोह टाळा. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची सवय वर पोचल्यावरची आहे. खडकाआड बसताच, घाम गार व्हायच्या आत, बूट काढून मोजे बदलायचे. वाऱ्यात बूट उघडणं जिवावर येतं, मान्य. पण त्या दोन मिनिटांवर पुढचे तीन तास अवलंबून असतात. काढलेले मोजे जाकिटाच्या आत पोटाशी ठेवले की संध्याकाळपर्यंत बरेच वाळतात.

बसल्यावर थंडी खालून येते. बर्फाला टेकलेला तळ सतत ऊब ओढून घेतो, वरून कितीही जाड अस्तर असलं तरी. याला अगदी साधा उपाय आहे. जुन्या कॅरीमॅटचा दोन्ही पावलं मावतील एवढा तुकडा कापायचा आणि पायांखाली घ्यायचा. वजन नगण्य, आणि फरक पाचव्या मिनिटाला कळतो. रासायनिक हीट पॅकबद्दल मात्र सावध राहा. त्यातला लोखंडाचा भुगा हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून गरम होतो. बंद बुटात हवा कमी आणि उंचीवर त्याहून कमी, त्यामुळे हातात छान तापणारा पॅक बुटात मंदावतो. शिवाय जागा अडवून पाय आवळतो. घ्यायचेच तर खास पायांच्या बोटांसाठीचे चपटे घ्या, आणि बूट घेताना ते आत ठेवून माप बघा.

स्थानिक लोकांचे पाय बघण्यासारखे असतात. लडाखमधलं जुनं पादत्राण म्हणजे 'पाबू': लोकरीचा वरचा भाग, चामड्याचा तळ, आत भरपूर मोकळी जागा. पाय आवळायचा नाही आणि ऊब लोकरीकडून घ्यायची, हे तिथल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरून जाणाऱ्या चादर ट्रेकवर तर लोक चक्क रबरी गमबूट वापरतात, कारण तिथे बर्फावरून पाणी वाहतं आणि महागडा ट्रेकिंग बूट भिजला की संपला. गमबूट थोडे मोठे, आत लोकरीचे मोजे. लेहच्या बाजारात ते मिळतात. मुंबईहून न्यायची गरज नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. या सहलींना जाणाऱ्यांत साठीच्या पुढची मंडळी बरीच असतात, म्हणून मुद्दाम लिहितो. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यामुळे पाय गारठल्याची पहिली सूचना, म्हणजे दुखणं, येतच नाही. जायच्या आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या आणि तिथे दर दोन तासांनी मोजे काढून बोटं डोळ्यांनी बघा. पांढरट, मेणासारखी, बधिर बोटं दिसली तर लगेच खाली उतरायची तयारी करा. पाय चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही, आणि आगीवर धरू नका, बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. सोबत्याच्या पोटाशी किंवा काखेत पाय ठेवणं ही गिर्यारोहकांची जुनी रीत सुरक्षित आहे. बोटं कडक झाली असतील तर डॉक्टर गाठेपर्यंत ती पुन्हा गोठणार नाहीत एवढं सांभाळा.

आणि आता पार्ल्याकडे, कारण थंडीच्या बुटांचा नाश बहुधा थंडीत होत नाही, तो आपल्या माळ्यावर होतो. बऱ्याच बुटांत चालताना हादरा झेलणारा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो. दमट, उष्ण हवेत पाण्याच्या वाफेमुळे या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तुटतात. बूट न वापरता ठेवले तरी हे चालूच राहतं, बंद खोक्यात कोंडलेल्या बुटांत ते लक्षात येत नाही इतकंच. चार-सहा पावसाळे काढलेला, वरून नवाकोरा दिसणारा बूट पहिल्याच दिवशी तळ सोडतो. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या दोन्ही बुटांचे तळ लेहच्या बाजारातच सुटले. जोडी त्यांनी दहाएक वर्षांपूर्वी परदेशातून आणली होती आणि खास सहलीसाठी जपून ठेवली होती. बाजारात सुटले हे त्यांचं नशीब, डोंगरात सुटले नाहीत.

म्हणून जुनी जोडी नेणार असाल तर महिनाभर आधी बाहेर काढा. मधल्या तळावर अंगठ्यानं जोरात दाबा. बारीक चिरा पडल्या, भुगा आला किंवा चिकट लागलं तर ती जोडी बाद समजा. पार्ले स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून तळाला भोवती शिलाई मारून घेणं ही सह्याद्रीतल्या ट्रेकिंग शूजसाठी चांगली युक्ती आहे, पण इथे ती दोन कारणांनी अडचणीची. भुगा झालेल्या तळात दोरा धरत नाही, आणि सुई वर गेली तर जलरोधक पडद्याला भोकं पडतात. तळ ठीक असेल तर बूट घालून हिंडा. इमारतीचे जिने चढा-उतरा, रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढून या. मुंबईच्या उकाड्यात थंडीचे बूट घालणं जिवावर येतं, पण फोड कुठे येणार ते इथेच कळलेलं बरं.

परत आल्यावर बूट खोक्यात घालू नका. नाड्या सोडा, इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन दिवसांनी बदला. चामड्यावरची माती ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून तासभर पायात घाला, त्या निमित्तानं बुरशीही दिसेल. आणि पुढच्या वेळी विमानतळावर बूट सामानात टाकण्याऐवजी पायांत घालूनच जा. लेहमध्ये जाकीट भाड्यानं मिळतं, हातमोजे, दुर्बीणही मिळते. तुमच्या पायाला बसलेली जोडी सामानाबरोबर दिल्लीला अडकली तर तिच्या बदल्यात काहीच मिळत नाही.